जमिनीखालची ड्रेनेज लाईन सॉन्ड आणि रिसिव्हरने नेमकी कशी शोधायची

ड्रेनेज लाईन कुठून जाते हे नुसतं नकाशावर बघून खोदायला घेतलं की बऱ्याचदा खड्डा वाया जातो, कारण नकाशा काढणाऱ्याने दोन चेंबरच्या मध्ये पट्टी ठेवून सरळ रेघ ओढलेली असते आणि पाईप टाकणाऱ्याला मात्र मध्ये खडक लागला, झाडाची मुळं आली, जुना पाया आला, म्हणून त्याने वळसा घेतलेला असतो आणि तो वळसा कुठेच लिहून ठेवलेला नसतो. कधीकधी तर अख्खं चेंबरच फरशीखाली गेलेलं असतं आणि ते होतं हे कुणाला आठवतही नाही. अशा वेळी सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे पाईपच्या आतच एक छोटा ट्रान्समीटर सोडायचा आणि वरून हातातल्या रिसिव्हरने त्याचा माग काढायचा. महागडं मशीन घेतलं म्हणजे लाईन सापडते असं नाही, साध्या मशीनवरही काम बिनचूक होतं, फक्त सिग्नल जमिनीवर कसा पसरतो हे डोक्यात पक्कं पाहिजे. लोक चुकतात ते तिथेच, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितोय.

या छोट्या ट्रान्समीटरला सॉन्ड म्हणतात. एक गोल लांबट बंद नळी असते, आत बॅटरी आणि एक कॉइल, आणि चालू केला की तो ठरावीक फ्रिक्वेन्सीचं चुंबकीय क्षेत्र सोडत राहतो. केबल शोधताना आपण केबलमध्येच सिग्नल सोडतो आणि तो पूर्ण लांबीभर वाहतो, पण पीव्हीसी किंवा चिनी मातीच्या पाईपमधून करंट जातच नाही, त्यामुळे तिथे सिग्नल सोडायची क्लिप लावून काही उपयोग नसतो. बीडाच्या पाईपला क्लिप लावता येते हे खरं, पण त्याचे जॉइंट मध्ये मध्ये तुटक असतात आणि सिग्नल थोडं अंतर जाऊन मरतो. म्हणून ड्रेनेजला सॉन्डच बरा. त्याचा सिग्नल पाईपच्या लांबीभर पसरत नाही, सॉन्ड जिथे आहे तेवढ्याच जागेभोवती असतो, म्हणजे एका वेळी एकच पॉइंट मिळतो आणि असे पॉइंट जोडत जोडत लाईन मिळते. काम हळू होतं पण पक्कं होतं.

फ्रिक्वेन्सीचं एवढंच लक्षात ठेवा, की पाईप बीडाचा किंवा लोखंडाचा असेल तर ५१२ हर्ट्झचा सॉन्ड लागतो, कारण इतकी कमी फ्रिक्वेन्सीच लोखंडाच्या भिंतीतून बाहेर येऊ शकते. ३३ किलोहर्ट्झचा सॉन्ड लोखंडी पाईपमध्ये टाकला तर वर काहीच मिळत नाही आणि मग माणूस मशीन खराब आहे म्हणून बसतो. पीव्हीसी, चिनी माती, साधं सिमेंट अशा पाईपमध्ये ३३ किलोहर्ट्झ उत्तम चालतो. पाईप कशाचा आहे हेच माहीत नसेल, किंवा लाईन अर्धी पीव्हीसी अर्धी बीडाची असेल, तर सरळ ५१२ घ्या. ड्रेनेजच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या डोक्यामागेसुद्धा बहुतेक वेळा ५१२ चाच सॉन्ड बसवलेला असतो, त्यामुळे कॅमेरा असेल तर वेगळा सॉन्ड घ्यायची गरज नाही, आणि स्क्रीनवर जॉइंट तुटलेला दिसला की तिथेच थांबून वर खूण करता येते. जाता जाता, विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ असते आणि तिच्या पटीतले ५०० आणि ५५० हे दोन आकडे ५१२ च्या दोन्ही बाजूंना येतात, म्हणजे ५१२ त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसतो. तरी विजेच्या मोठ्या केबलजवळ ५१२ वर गोंगाट येतोच, त्याचं पुढे सांगतो.

आता लाईनमध्ये काही घालायच्या आधी एक काम जरूर करा, आणि पहिल्यांदाच करत असाल तर हे अजिबात टाळू नका. सॉन्डमध्ये नवी बॅटरी घाला, रिसिव्हरवर सॉन्ड मोड आणि तीच फ्रिक्वेन्सी लावा (फ्रिक्वेन्सी जुळली नाही तर सगळंच शून्य) आणि सॉन्ड मोकळ्या मैदानात जमिनीवर आडवा ठेवा. रिसिव्हरचं खालचं टोक जमिनीपासून साधारण १ मीटर उंच धरा आणि सॉन्ड ज्या दिशेने ठेवलाय त्याच दिशेने दुरून चालत त्याच्यावरून पलीकडे जा. आधी सिग्नल थोडा चढेल, मग एकदम पडेल, जवळजवळ शून्य होईल, मग जोरात चढेल, आणि बरोबर सॉन्डच्या डोक्यावर सगळ्यात जास्त असेल. पुढे गेलात की पुन्हा पडून शून्य, पुन्हा थोडा चढ आणि मग हळूहळू संपेल. म्हणजे मधे एक मोठा डोंगर, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खोल दरी, आणि दऱ्यांच्या पलीकडे एकेक छोटी टेकडी. त्या दऱ्यांना नल पॉइंट म्हणतात, आणि टेकड्या म्हणजे खोटे सिग्नल. हा आकार एकदा स्वतःच्या हाताने अनुभवला की पुढचं सगळं सोपं जातं.

१ मीटर उंचीवर तुम्हाला नल पॉइंट सॉन्डपासून साधारण ७० सेंटिमीटरवर मिळतील आणि खोटी टेकडी साधारण १ मीटर २० सेंटिमीटरवर. खोल गेलं की हेच अंतर त्याच प्रमाणात वाढतं, म्हणजे लाईन २ मीटर खोल असेल तर खोटा सिग्नल खऱ्या जागेपासून जवळजवळ अडीच मीटर लांब येतो. खोट्या सिग्नलची ताकद मेन सिग्नलच्या, म्हणजे मधल्या डोंगराच्या, साधारण पाचव्या हिश्शाएवढी असते, त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी बघितले तर फरक लगेच कळतो, अडचण होते ती फक्त एकच बघितला तर.

आमची चूक अशीच झाली होती. लाईन २ मीटरच्या आसपास खोल, आणि सॉन्ड होता कंपाउंड भिंतीच्या पलीकडे जिथे जाताच येत नव्हतं. अलीकडे चालताना एक चांगला स्पष्ट सिग्नल मिळाला, गेन (रिसिव्हर सिग्नल किती वाढवून दाखवतो ते) वाढवलेला होता त्यामुळे काटा भरपूर वर गेला, आम्ही खूण केली आणि माणसांनी दुपारभर खड्डा खणला. खाली नुसती माती. खोट्या टेकडीवर खूण केली होती हे दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे गेल्यावर कळलं. दुपारभर उन्हात खणलेल्या माणसांना "इथे नाहीये" असं सांगायची वेळ आली ते मला अजून लागतं, आणि तेव्हापासून दोन्ही बाजूंचे नल पॉइंट पायाखाली घातल्याशिवाय मी खूण करत नाही. ओळखायची रीत सोपी आहे, खऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना सिग्नल पडून शून्य होतो, खोट्या जागेच्या एकाच बाजूला शून्य मिळतं आणि दुसऱ्या बाजूला सिग्नल नुसता हळूहळू विरत जातो. एका बाजूला जायची जागाच नसेल तर तो पॉइंट कच्चा समजा, सॉन्ड थोडा मागे ओढा आणि मोकळ्या जागेत पुन्हा शोधा.

रिसिव्हर धरायची दिशा हा दुसरा मोठा घोळ. केबल शोधताना रिसिव्हरचं पातं (खालचा चपटा भाग) केबलला आडवं धरतात, सॉन्ड शोधताना बरोबर उलट, पातं पाईपच्या दिशेने धरायचं. केबलवर काम केलेल्या माणसाचा हात सवयीने आडवाच जातो आणि मग बरोबर सॉन्डच्या डोक्यावर उभा राहूनही त्याला काही मिळत नाही. ज्या रिसिव्हरमध्ये तिन्ही दिशांचे अँटेना असतात त्यांना याचा फरक पडत नाही, स्क्रीनवरच बाण दिसतो, पण साध्या रिसिव्हरला पडतो. पाईपची दिशा माहीत नसेल तर सिग्नल मिळाल्यावर जागेवरच रिसिव्हर गोल फिरवा, ज्या दिशेला सिग्नल सगळ्यात जास्त होईल ती सॉन्डची म्हणजेच पाईपची दिशा.

आता प्रत्यक्ष लाईनवर. चेंबरचं झाकण उघडून थोडा वेळ तसंच ठेवा आणि कुणीही आत उतरायचं नाही, डोकंही घालायचं नाही, एक मिनिटासाठी म्हणूनसुद्धा नाही. आतला हायड्रोजन सल्फाईड सडक्या अंड्यासारखा वास मारतो पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वासच येईनासा होतो, म्हणजे वास नाही म्हणून गॅस नाही असं धरता येत नाही, आणि ऑक्सिजन कमी असेल तर त्याला वासच नसतो. रॉड वरूनच आत जातो, उतरायची गरजच पडत नाही. हातमोजे घाला, जखम झाकून ठेवा.

सॉन्ड फायबरच्या लवचिक रॉडच्या टोकाला आट्यांनी बसतो, मध्ये स्प्रिंगचा कपलिंग असेल तर बेंडमधून छान वळतो. आटे घट्ट करून वरून चिकटपट्टी गुंडाळा, कारण रॉड ढकलताना पिळला जातो आणि आटे सुटून सॉन्ड आतच राहू शकतो, आणि शक्य असेल तर सॉन्डला वेगळी बारीक दोरीही बांधा. झाकणातली रबरी रिंग जागेवर आहे ना ते बघा, पाणी आत गेलं की सॉन्ड बंद. जेटिंगच्या, म्हणजे जोराच्या पाण्याने लाईन साफ करायच्या, पाईपला लावायचा असेल तर नोझलच्या मागे खास बैठकीत बसवतात, आणि मोठ्या वाहत्या लाईनमध्ये रॉड पुरत नसेल तर सॉन्ड एका तरंगत्या ठोकळ्याला बांधून दोरीने सोडतात, पाणीच त्याला पुढे नेतं.

पहिल्यांदा फक्त २ मीटर ढकला आणि थांबा. अगदी चेंबरच्या तोंडाशी बघू नका, लोखंडी झाकण आणि चौकट सिग्नल वाकवतात. २ मीटरवर सॉन्ड शोधा, खूण करा, आणि रॉड किती आत गेलाय ते टेप लावून मोजा. मग दर वेळी १ ते २ मीटर पुढे ढकलायचं, थांबायचं, शोधायचं, खूण करायची. रॉड ढकलणारा आणि रिसिव्हर धरणारा अशी दोन माणसं लागतातच, आणि दोघांनी आधी ठरवून घ्या की रिसिव्हरवाल्याने हात वर केल्याशिवाय रॉड हलणार नाही. चालत्या सॉन्डवर खूण करणारेही असतात पण मला ते पटत नाही, वळणावर हमखास चुकतं.

एकेक पॉइंट धरायची पद्धत अशी. आधी पाईपच्या दिशेने पुढेमागे चालून सगळ्यात जास्त सिग्नल कुठे येतो ते बघा, गेन असा ठेवा की काटा मध्यावर राहील, १०० ला टेकला की गेन कमी करा नाहीतर जास्त आणि सगळ्यात जास्त यातला फरकच कळत नाही. मग त्या जागेवरून डावीकडे उजवीकडे सरकून बघा, या दिशेला नल पॉइंट मिळत नाहीत, सिग्नल दोन्हीकडे सारखा उतरतो, त्याचा मध्य धरा. मग रिसिव्हर जागेवर फिरवून दिशा पक्की करा, पुन्हा एकदा पुढेमागे. आणि मग दोन्ही नल पॉइंट. पुढचा नल आणि मागचा नल यांच्यावर खडूने बारीक रेघ मारा, सॉन्ड बरोबर त्यांच्या मध्यावर असायला हवा. तुमची मेन खूण आणि हा मध्य जुळले तर पॉइंट पक्का, खूण करा आणि दिशेचा बाणही काढा.

याच दोन रेघांवरून खोलीही मिळते आणि हा हिशोब मला सगळ्यात आवडतो कारण त्याला स्क्रीन लागत नाही. दोन नल पॉइंटमधलं अंतर मोजा आणि ०.७ ने गुणा, ती सॉन्डची खोली. अंतर २ मीटर आलं तर खोली १ मीटर ४० सेंटिमीटर, ३ मीटर आलं तर २ मीटर १०. सॉन्डचं क्षेत्र ज्या आकाराचं असतं त्यातूनच हे प्रमाण येतं, त्यामुळे मशीन कुठल्याही कंपनीचं असो हिशोब तोच. मोजताना रिसिव्हरचं टोक जमिनीला टेकलेलं ठेवा, वर उचललं तर तेवढी उंची खोलीत मिसळते. रिसिव्हर स्वतः दाखवतो ती खोलीही बघा आणि दोन्ही ताडून बघा. अजून एक तपासणी, स्क्रीनवरची खोली वाचा, मग रिसिव्हर बरोबर ५० सेंटिमीटर वर उचला आणि पुन्हा वाचा, आकडा ५० ने वाढला पाहिजे. नाही वाढला तर आसपास काहीतरी सिग्नल वाकवतंय आणि त्या आकड्यावर खोदायचं नाही. आणि ही खोली सॉन्डच्या मध्यापर्यंतची असते, सॉन्ड पाईपच्या तळाशी पडलेला असतो, म्हणजे पाईपचा माथा त्याच्याही वर आहे. १५० मिलिमीटरचा पाईप असेल तर कुदळ साधारण १५ सेंटिमीटर आधीच पाईपला लागते, हे विसरल्यामुळे शाबूत पाईप फुटलेले आहेत.

खोलीवरून लाईनची परीक्षाही होते. ड्रेनेज उतारावर असते, आणि ४० ला १ असा उतार असेल तर १० मीटरमध्ये २५ सेंटिमीटर खाली जायला हवी. तुमचे खोलीचे आकडे असे संथपणे वाढत असतील (वर जमीन सपाट आहे असं धरून) तर सगळं जुळतंय. मध्येच एक पॉइंट ४० सेंटिमीटर वर आला तर तो पॉइंट पुन्हा घ्या. तसंच रॉडची आत गेलेली लांबी आणि जमिनीवरच्या खुणांमधलं अंतर यांचाही मेळ बसला पाहिजे, रॉड १० मीटर गेला आणि वर खुणा ७ मीटरवरच संपल्या तर मध्ये वळण सुटलंय, किंवा रॉड मोठ्या पाईपमध्ये गुंडाळतोय.

दोन्ही नल सारख्या अंतरावर न येणं ही नेहमीची अडचण. एक ६० सेंटिमीटरवर आणि एक ९० वर आला तर सॉन्ड तिरका आहे, म्हणजे पाईपला तिथे तीव्र उतार आहे किंवा सॉन्ड गाळावर चढलाय, किंवा वरची जमीनच उताराची आहे. अशा जागी मेन सिग्नलही थोडा सरकतो म्हणून रॉड अर्धा मीटर पुढेमागे करून आजूबाजूचे पॉइंट घ्या. आणि सॉन्ड जर पूर्ण उभा झाला, म्हणजे लाईन सरळ खाली उतरत असेल, तर बरोबर डोक्यावर सिग्नल मरतो आणि त्याच्याभोवती सगळीकडे मिळतो. सिग्नल अचानक असा वेडावाकडा झाला की बहुतेक तिथे उभा उतार आहे, रॉड थोडा मागे घेतला की पुन्हा सरळ होतो.

काँक्रीटच्या स्लॅबमध्ये सळ्यांची जाळी असेल तर सिग्नल पसरट होतो, टोक नीट कळत नाही. तिथे रिसिव्हर जमिनीपासून ३० ते ५० सेंटिमीटर वर धरून चाला, जाळीचा त्रास बराच कमी होतो, फक्त खोलीतून ती उंची वजा करायला विसरू नका. विजेच्या केबलचा गोंगाट ओळखायचा तर सॉन्ड बंद असताना त्याच जागेवर रिसिव्हर फिरवून बघा, तरीही काटा हलतोय म्हणजे तो तुमचा सिग्नल नाहीच. पाईप लोखंडी नसेल तर तिथे ३३ किलोहर्ट्झचा सॉन्ड लावून बघा. खोल लाईनवर सिग्नल अचानक कमी का झाला असं वाटेल, पण खोली दुप्पट झाली की सिग्नल आठव्या हिश्शावर येतो, दुप्पट खोलीला निम्मा नाही, त्यामुळे ४ मीटरच्या लाईनला मोठ्या ताकदीचा सॉन्डच लागतो, छोट्या सॉन्डवर गेन वाढवत बसून नुसता गोंगाट वाढतो.

चोकअप शोधायचं असेल तर रॉड अडेपर्यंत ढकला, थोडा मागे घेऊन पुन्हा हलकेच ढकला, तिथेच अडतोय ना बघा, मग खूण करा. पण लक्षात घ्या, रॉड बेंडलाही अडतो. रॉड फिरवून बघितला आणि पुढे गेला तर तो बेंड होता. दोन चेंबर एकमेकांना जोडलेले आहेत की नाही एवढंच बघायचं असेल तर सॉन्डची गरजच नाही, वरच्या चेंबरमध्ये रंगीत पाणी ओता आणि खालच्यात बघा.

खोदण्याआधी त्याच रिसिव्हरचा पॉवर मोड लावून खड्ड्याची जागा दोन्ही दिशांनी तपासा, खाली विजेची केबल असेल तर कळेल, पण ज्या केबलमधून त्या वेळी करंट जात नाही ती या मोडमध्ये दिसत नाही, म्हणून शेवटची फूट दीड फूट माती हातानेच काढा, मशीन नको.

काम झालं की सगळ्या खुणांचा कच्चा नकाशा लगेच काढा, खडू पहिल्या पावसात जातो. एखादा न हलणारा कोपरा धरून, भिंतीचा कोपरा म्हणा किंवा चेंबरचं झाकण, तिथून प्रत्येक खुणेचं अंतर, खोली आणि बाण लिहा, कच्चे वाटलेले पॉइंट वेगळ्या खुणेने दाखवा. मग सॉन्ड बाहेर काढून जंतुनाशकाच्या पाण्याने धुवा, पुसून पूर्ण कोरडा करा आणि बॅटरी काढून ठेवा, आत राहिलेली बॅटरी गळली की कॉइलचे टर्मिनल खाते आणि पुढच्या वेळी चेंबरजवळ उभं राहिल्यावर ते कळतं.